ताईने कमी केलेली गोळी

माझी थोरली बहीण डॉक्टरांच्या चुका पकडण्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काउंटरच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी. चिठ्ठीत काही खटकलं की ताई डॉक्टरला फोन लावते. भल्याभल्यांनी तिच्यापुढे कान पकडलेत. तिचं हे कौतुक ऐकून माझे मात्र कान किटलेत.

समोरच्या गल्लीतले शिंपीकाका एकदा आपल्या कुत्र्याची चिठ्ठी घेऊन आले. थायरॉईडची गोळी, पाचशेची मात्रा, दिवसातून दोनदा. माणसाला शंभर-दीडशे म्हणजे पुष्कळ झाली. ताईने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

"एक शून्य जास्त पडलंय," ताई म्हणाली. "पन्नासच द्या."

"तुम्ही म्हणाल तसं, बाई."

दोन महिन्यांनी काका आले ते गोळ्या बंद करायला. कुत्रा जागचा हलत नव्हता, अंगावरचे केस झडले होते. औषध लागू पडत नाही म्हणून शनिवारी त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. बोलताना काका गळ्यातली टेप उगाच गुंडाळत होते.

ताईने पुन्हा फोन लावला. तिच्या जागी मी असते तर आतल्या खोलीत जाऊन लावला असता. तिने काकांसमोर, स्पीकरवर लावला.

"पाचशेवर इतकं बिघडायला नको होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाचशे नाही, पन्नास. मी कमी केली."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की कुत्र्याचं शरीर हे औषध फार लवकर संपवतं, त्याला माणसाच्या कितीतरी पट लागतं. शनिवार रद्द झाला.

"काका, चूक माझी आहे," ताई म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं होतं, पाचशेच देताय ना म्हणून. मी हो म्हटलं. उगाच तुमचं नाव यायला नको."

ताई मटकन स्टुलावर बसली आणि चार गिऱ्हाइकांसमोर रडली. मला तिचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

पण रडत बसणं तिच्या स्वभावात नाही. त्या आठवड्यापासून दर बुधवारी दुपारी ती वही घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊ लागली. बावन्नाव्या वर्षी. मांजरांनी हात ओरबाडले, तरी हिचं सुरूच. जेवायला बसलं की मला ऐकवायची, तापाची कुठली गोळी मांजराच्या जिवावर उठते आणि कुठल्या सिरपातली साखरेऐवजीची गोडी कुत्र्याला बाधते. दुकानात तिने ठळक अक्षरांत पाटी लावली: 'प्राण्यांच्या औषधांचं मला अजून पुरतं कळत नाही. विचारून देईन, वेळ लागेल.' मी म्हटलं, अशाने गिऱ्हाईक पळेल. "पळू दे," म्हणाली.

दीड महिन्याने काका नवी चिठ्ठी घेऊन आले. कुत्रा स्वतःच्या पायांनी पायरीपर्यंत आला होता. आता मात्रा सहाशेची होती. ताईने वही उघडून ताडून पाहिलं आणि गोळ्या काढून पुढे ठेवल्या. काकांनी हात लावला नाही.

"बाई, राग मानू नका," ते चाचरत म्हणाले. "नक्की सहाशेच ना?"

पंचवीस वर्षांत ताईला असं कोणी विचारलं नव्हतं. मी निमूटपणे दोन पावलं मागे सरकले.

ताईने नंबर लावला आणि फोन काकांच्या हातात दिला. "तुम्हीच विचारा," ती म्हणाली. "आणि दर वेळी विचारा."