पुढचा दात

नात आरशासमोर उभी राहून हलणारा दात जिभेने ढकलत होती. "आजी, उद्या शाळेत फोटो आहे. आज पडायलाच हवा हा."

तिच्याएवढी असताना मी सिनेमात काम करायची. शूटिंग अर्ध्यावर आलं आणि माझा पुढचा दात हलायला लागला. तो पडला तर काम जाईल, या धास्तीनं ही थोर नटी पंधरा दिवस मऊ भात गिळत होती, हसणंसुद्धा बंद. दात पडलाच. मग मला तोंड मिटून रडायला लावलं, आणि लोक म्हणाले, पोरीचा अभिनय किती संयत.

संध्याकाळी नातीचा दात पडला. ती खिंडार दाखवत खिदळली. मी कवळी काढली आणि तेव्हाचं राहिलेलं हसू तिच्याशेजारी आरशात हसून घेतलं.