हूशंगची काळी काच

माझा धाकटा भाऊ हूशंग एका जागी स्वस्थ बसलेला मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही. मौलवी निकाह वाचत होते आणि हा मान वाकडी करून समोरच्या आरशात मेणबत्तीच्या किती ज्योती दिसतात ते बघत होता. त्याची बायको बिचारी लवकर गेली. तेव्हापासून तो, त्याची मुलगी नस्तरन आणि मी, त्याची आबजी म्हणजे थोरली बहीण, तिची अम्मे म्हणजे आत्या, असं आमचं घर.

काशानच्या बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला सांगायचं, "ही काच घ्या, उन्हातले वाईट किरण अडवते," आणि दुपारी दुकान बंद केलं की तेच किरण आरपार सोडणारी काच शोधत बसायचं. जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश माणसाला दिसत नाही, मधमाशीला दिसतो. त्या प्रकाशात फोटो काढायचे, हे खूळ एका मधवाल्या गिऱ्हाइकानं त्याच्या डोक्यात भरवलं. त्या मधवाल्याला मी अजून क्षमा केलेली नाही.

बाजारातली भिंगं ते किरण गिळून टाकतात म्हणून भिंग घरीच घासायचं ठरलं. कुणीतरी सांगितलं, स्फटिक उत्तम. मग या शहाण्यानं काय करावं? आमच्या वडिलांच्या, म्हणजे आगाजानच्या अंगठीत दुर्र-ए-नजफ होता, नजफहून आणलेला पाण्यासारखा स्वच्छ खडा. तो काढला आणि चाकावर धरला.

"हूशंग, अरे ती आगाजानची अंगठी!"

"अंगठी जशीच्या तशी आहे, आबजी. खडा तेवढा घेतलाय."

त्या भिंगातून प्रत्येक पानाला दोन दोन कडा दिसायला लागल्या. स्फटिक चुकीच्या दिशेनं कापला की असंच होतं, हे त्याला खडा घासून संपल्यावर कळलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग जुन्या चष्म्याची काच घासून भिंग झालं. लग्नाच्या हॉलमध्ये जांभळा उजेड पाडणारे काळे दिवे असतात, त्यातल्या एका फुटक्या दिव्याची काच पुढे बसवली. कॅमेरा उघडून ते किरण अडवणारी आतली काच खरवडून काढली, त्यात एक कॅमेरा कायमचा मेला. पहिला फोटो आला तेव्हा हा गल्लीभर नाचला. डाळिंबाची पानं बर्फासारखी पांढरी! सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाल्यावर त्याला समजलं की काळी काच लालच्या पलीकडचाही प्रकाश सोडते, आणि पानं पांढरी झाली ती त्यानं. जे हवं होतं ते मुळी फोटोत नव्हतंच. तो गळका उजेड अडवायला त्यानं दोन काचांच्या मधे मोरचुदाचं निळं पाणी भरलं. ते माझ्या गालिच्यावर सांडलं. डाग अजून आहे, या, दाखवते.

पण एकदाचं जमलं. अंगणातलं साधं पिवळं फूल फोटोत मधोमध काळंभोर दिसलं, आणि पानंही काळी. हूशंग त्या दिवशी जेवलाच नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून माणसांच्या मागे लागला.

उन्हाचं मलम लावलेला चेहरा त्या फोटोत डांबर फासल्यासारखा येतो. शेजारणीचा तसा आला, आम्ही पोट धरून हसलो. नस्तरनचाही तसाच आला. हा म्हणाला, "तोंड धुऊन ये, बाबांची लाडकी. खरा चेहरा बघू दे."

"मला वेळ नाही, बाबा."

रोज तेच. तो मागे लागायचा, ती टाळायची, आणि मी काहीतरी काम काढून त्याला दुकानात पिटाळायची. कारण मला माहीत होतं. नस्तरनच्या ओठांभोवती आणि डोळ्यांपाशी पांढरे चट्टे उठले होते. ती मुळातली गोरी, त्यातून रंगाचं मलम, कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. हकिमापाशी आम्ही दोघीच गेलो होतो. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. बापाला सांगितलं तर तो आणखी सैरभैर होईल, असं मीच तिला म्हणत होते.

अशात तिला मागणी आली. ती शिकवते त्याच शाळेतला गणिताचा मास्तर, काविआन. चांगला मुलगा, चष्मा लावणारा. शुक्रवारी तो आणि त्याची आई पाहुणे म्हणून आले. नस्तरननं चहा आणला, मी सुकामेवा आणि घरचं गुलाबाचं सरबत पुढे केलं, सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात हूशंग उठला. बसवेना ना त्याला! म्हणाला, "अंगणात ऊन सुंदर आहे, आठवण म्हणून एक फोटो होऊन जाऊ दे."

मी डोळे वटारले. उपयोग शून्य.

काविआनच्या आईचा चेहरा काळाकुट्ट आला आणि काविआनचा चष्मा आंधळ्याचा असतो तसा. "अगंबाई, या खानमबाईंना कोळशाच्या खाणीतून आणलं की काय!" स्वतःचा फोटो बघून त्याच म्हणाल्या आणि हसल्या. मला बाई आवडली. मागे वळून बघते तर नस्तरन हौदाकडून येत होती. तोंड धुतलेलं, केसांवरून पाणी निथळत होतं.

"नस्तरन, आत चल," मी दंडाला धरलं.

"सोडा, अम्मे. मला तोंडानं सांगता येत नाही. बाबांच्या कॅमेऱ्याला सांगू दे."

ती डाळिंबापाशी बसली. या फोटोला निश्चल बसावं लागतं, तर ती श्वासही न घेता बसली. हूशंगनं मागच्या पडद्यावर पाहिलं आणि त्याचे हात थांबले. मी वाकून बघितलं. चेहरा सावळा, आणि ओठांभोवती, डोळ्यांभोवती लख्ख पांढरं, चुन्याची बोटं फिरवल्यासारखं.

"काय आलं?" काविआनच्या आईनं विचारलं.

"बिघडला," हूशंग म्हणाला. "काच गळतेय माझी. अजून नीट जमलेली नाही."

ज्या काचेपायी त्यानं बापाच्या अंगठीतला खडा घालवला, तिला तो पाहुण्यांसमोर नावं ठेवत होता. मला वाटलं, वाचलो. पण नस्तरनचा चेहरा पडला. चट्ट्यांनी तिला कधी रडवलं नव्हतं, आता डोळे भरून आले.

"काच चांगली आहे, बाबा," ती म्हणाली. त्याच्या हातातून कॅमेरा घेऊन तिनं काविआनकडे दिला. "अशी आहे मी. उन्हाळ्यात साध्या डोळ्यांनाही दिसतं."

त्यानं चष्मा वर सरकवून बघितलं. मग आईनं बघितलं. त्यांनी नस्तरनच्या गालावरून हात फिरवला, दुसरा चहा नको म्हणाल्या, आणि ती दोघं निघून गेली.

हूशंग त्या संध्याकाळी नस्तरनच्या दारापाशी दोनदा गेला आणि परत आला. "तुम्हाला माझी लाज वाटली," एवढंच ती त्याला म्हणाली होती. पुढचे दिवस तो घरभर फिरत होता. भिंग उचलायचा, खाली ठेवायचा, दुकान उघडायचा, बंद करायचा. त्याला बघून मलाच घेरी यायची.

मग फोन आला. तो मीच घेणार होते, पण हूशंगनं हिसकावला. नस्तरन स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. पलीकडून काविआनच्या आई गोड आवाजात सांगत होत्या की मुलगी लाखात एक आहे, पण इस्तिखारा काढला, कौल चांगला आला नाही, देवाच्या मर्जीपुढे आपण काय बोलणार. आमच्याकडे नकार असाच देतात, आणि ऐकणाऱ्यानं "नशीब" म्हणून फोन ठेवायचा असतो.

"खानम, देवाला यात ओढू नका," हूशंग म्हणाला. त्याचा आवाज चांगला मोठा होता, आतपर्यंत जाईल इतका. "माझ्या मुलीला कोड आहे. कोड. फोटो अगदी बरोबर आला होता, खोटं मी बोललो. तुम्हाला कोड चालत नाही, असं सरळ म्हणा. आम्ही ऐकून घेऊ."

त्यानं फोन ठेवला. स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला होता.

"बाबा," आतून नस्तरन म्हणाली, "इथे येऊन बसा जरा."

तो आत गेला आणि बसला.