सुमित्रावहिनींची सही

माझ्या सुमित्रावहिनी एकेचाळीस कंपन्यांच्या डायरेक्टर आहेत आणि रोज बुकित पंजांगहून एलआरटीच्या लोकलगाडीत उभ्यानं ऑफिसला जातात. सिंगापूरच्या कायद्यानं कंपनीत निदान एक डायरेक्टर इथे राहणारा लागतो. परदेशी मालकांना तो कुठून मिळणार? म्हणून वहिनींचं ऑफिस त्यांना पुढे करतं आणि दर कंपनीमागे थोडं मानधन देतं. युरोपातून, जपानमधून पैसा इथल्या कंपनीत येतो, वहिनी सही करतात, की तो भारतात कारखाने उभारायला निघतो.

मी जहाजावरचा इंजिनिअर. जो माल दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही. ‘‘वहिनी, तुमच्या कंपन्यांना दार तरी आहे का?’’ असं मी चिडवायचो. पुतणी गार्गी वर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत भर घालायची, ‘‘ऑल पेपर ओन्ली ला, आई.’’

यंदा मार्चमध्ये वहिनींचं हसणंच बंद झालं. त्यांच्या ओळखीतल्या एका डायरेक्टरबाईंची कंपनी पोकळ निघाली. मालकानं आपलाच पैसा जगभर फिरवून परदेशी गुंतवणूक म्हणून भारतात परत नेला होता. सही बाईंची, म्हणून चौकशीही बाईंची.

त्याच आठवड्यात वहिनींपुढे चाकणच्या एका कारखान्याचे कागद आले. पहिल्या हप्त्यावर त्यांनीच सही केली होती; त्यातून पत्रे दाबायचा प्रेस घेतला, तो जहाजावर चढला, असं कागद म्हणत होते. आता दुसरा हप्ता. वहिनींचा हात पुढे होईना. ऑफिसच्या साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर दुसरा डायरेक्टर बघू म्हणाले.

‘‘जहाजाचं नाव काय?’’ मी विचारलं. नाव मिळाल्यावर मी शोधलं; ते शनिवारी इथेच लागणार होतं. प्रेस इथे उतरवून मुंबईच्या जहाजावर चढवायचा होता.

शनिवारी सकाळी आम्ही बंदरासमोरच्या वेस्ट कोस्ट पार्कच्या कठड्याशी उभे राहिलो. वहिनींच्या हातात माझी दुर्बीण होती. क्रेननं एक अजस्र लाकडी पेटारा उचलला. त्यावर हातभर अक्षरांत त्याच कारखान्याचं नाव होतं, आणि खाली हेल्मेट घातलेली माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. अशी धुडं मी आयुष्यभर पाहिली आहेत, तरी अंगावर काटा आला. ते धूड शेजारच्या या पाच फुटी बाईच्या सहीनं हललं होतं.

‘‘केवढं वजन असेल, भाऊजी?’’

‘‘तीनशे टन तरी.’’

वहिनींनी दुर्बीण खाली घेतली आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या.

सोमवारी त्यांनी सही केली. मग उरलेल्या चाळीस कंपन्यांना पत्रं धाडली: तुमची एक तरी वस्तू मला दाखवा. सतरा जणांना काही दाखवता आलं नाही. त्या सतराही कंपन्या वहिनींनी सोडल्या. मानधन जवळजवळ निम्म्यावर आलं. मी चिडवणं सोडून दिलं.

बाकीच्यांचे फोटो येत गेले. एका कारखान्यानं पाळी सुटतानाचा पाठवला. फाटकातून डबे घेतलेल्या बाया बाहेर पडतायत, शेकड्यांनी, मागचे चेहरे ओळखूही येत नाहीत. वहिनींनी तो फ्रिजवर लावला. गार्गी पाण्याची बाटली काढायला आली आणि दार न उघडता तिथेच उभी राहिली.

‘‘सो मेनी पीपल. दे नो यू ऑर नॉट, आई?’’

‘‘नाही गं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘मलाही कालपर्यंत त्या कुठे माहीत होत्या?’’