कानात बोलणारा जॉबर

अक्कलकोट रोडच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा एक जॉबर आहे. मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तो प्रत्येकाच्या कानाला तोंड लावून बोलतो. सवय अशी, की बाहेर चहाच्या टपरीवरही कानातच. आम्ही हसायचो.

कोरोनात गेटवर तपासणी झाली. ना ताप, ना खोकला, तरी तोच पॉझिटिव्ह निघाला. तेव्हा लोक शेजाऱ्यांपासूनही आजार लपवत होते. हा मात्र लांब जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत ओरडला, "मला काय बी होत न्हाय. पण आठ दिवसांत ज्यांच्या कानात बोललो, त्यांना तपासा की!" मग एकेकाचं नाव घेतलं. मालकांचंही घेतलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हा थांबला नाही. शेवटी माझं घेतलं.

मी ठणठणीत होतो, तरी पॉझिटिव्ह निघालो. घरी दमा असलेले वडील होते. त्या दिवशी मी घरी गेलोच नाही.

वडील आज टपरीपर्यंत चालत येतात. जॉबर दिसला, की स्वतःच कान पुढे करतात.