बेलाच्या पानावरची गोळी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्वदीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणाच्या हाती हे पडलंच तर माफ करावं.

हृदयातली झडप बदलल्यापासून मला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. जन्मभर औषध म्हणत राहणं सासूबाईंना अशुभ वाटलं. त्या म्हणाल्या, "परसाद म्हण." तेव्हापासून गोळी बेलाच्या पानावर देवघरातल्या नागनाथापुढे ठेवते आणि पूजा झाली की घेते.

यंदा दाढ सुजली. मालक सोयाबीनच्या काढणीत, म्हणून एकटीच हिंगोलीला गेले. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?" मी खाली बघून "न्हाई" म्हणाले. खोटं बोलायचं मनात नव्हतं. परसादाला औषध म्हणायचं सुचलंच नाही. दाढ काढायची ठरली. बाहेर बाकावर बसून मी नागनाथाला हाक मारत होते.

शेजारी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरची एक बाई होती. माझ्या हातावरचे निळे डाग बघून म्हणाली, "काहून गं, मालकानं मारलं का?"

"न्हाई वो, ते मांजरालाबी हाकलत न्हाईत. झडपेच्या आपरेशनपासून जरा लागलं की निळं पडतंय."

"मग रगत पातळ करायची गोळी खात असशील. माझा भाऊबी खातो. डॉक्टरला सांगितलंस?"

"ते औषध न्हाई, परसाद हाय."

"परसाद देवाला ठाऊक हाय, डॉक्टरला न्हाई. ऊठ!"

तिनं हात धरून मला आत नेलं. मला बोलवेना, तीच बोलली. डॉक्टर दचकले. म्हणाले, "तयारी न करता दाढ काढली असती तर रक्त थांबवणं अवघड गेलं असतं." मी घाबरून गोळी सोडते म्हणाले. "मनानं सोडू नका, झडपेवर रक्ताची गाठ धरली तर जिवावर बेतेल," ते म्हणाले. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि आधी रक्त तपासायला सांगितलं. तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. त्या बाईनं न मागताच कमरेच्या चंचीतून काढून दिले.

तपासणी ठीक आली. गोळी चालू ठेवूनच दाढ काढली, टाके घातले. बोळा दाबून धरला तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि मनात नागनाथाचं नाव. हळूहळू रक्त थांबलं.

देवावर भार टाकला की गप्प बसायचं, असं मी समजत आले होते. त्या दिवशी कळलं, भीड सोडून खरं सांगणं हाही त्याच्याच पायी माथा टेकणं आहे. मला ते जमेना, म्हणून त्यानं माझ्या शेजारी बोलणारी बसवली.

कापूस वेचणीची मजुरी आली तेव्हा तांड्यावर गेले. लाजत पैसे पुढे केले. वाटलं, राहू दे म्हणेल. तिनं सगळे मोजले, चंचीत ठेवले आणि हसून म्हणाली, "बराबर हायेत. आता च्या पिऊन जा."