बाबांच्या डोळ्यावरची नागीण

बाबांच्या कपाळावर नागीण उठली आणि दुसऱ्या दिवशी एक फोड नाकाच्या शेंड्यावर आला. म्हापशाच्या डॉक्टरांनी तो बघितला मात्र, त्यांचा चेहराच बदलला. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस एकच, म्हणजे डाव्या डोळ्याला धोका होता. बाबा पेडणे-म्हापसा बस चालवायचे. डोळा गेला की स्टिअरिंग गेलं. गोळ्या मिळाल्या, दिवसातून पाच वेळा, एकही चुकवायची नाही.

दुसऱ्या सकाळीच बाबा म्हणाले, "जळजळ तशीच आसा. पुरे झाल्यो गोळ्यो. गावचो लेप लावतंय."

माझं डोकंच फिरलं. मी एम.एस्सी. करत होते, आणि गंमत बघा, ह्याच जातीच्या विषाणूंची प्रथिनं आम्हाला नुकतीच शिकवली होती! पडवीतला सुंभाचा तुकडा मी बाबांच्या हातात कोंबला.

"हा विषाणूचा डीएनए. एक प्रथिन सुरुवातीची जागा हुडकतं, दुसरं पीळ उकलत जातं. उकला! धाग्यांच्या मध्ये बोट घाला. आता ते काढा." बोट काढताच पीळ परत बसला. "बघितलंत? म्हणून तिसरं प्रथिन धागे वेगळे धरून ठेवतं आणि चौथं एकेक कण जोडून नवा धागा बनवतं. एकाचे दोन, दोनाचे चार!"

मी जवळजवळ नाचत होते.

"वर्गात बोलल्यासारख्या बोलतंस बाये. आनी गोळी?"

"ती नुसती पडून असते. विषाणूचंच आणखी एक प्रथिन तिला कामाला लावतं! मग धागा जोडणारं प्रथिन तिलाच कण समजून जोडतं आणि फसतं. तिच्यापुढे काही जोडताच येत नाही. पण गोळी चुकली की ह्यांचं काम परत सुरू."

बाबा सुंभाकडे बघत राहिले. "मेल्यांनी आपल्याच हातान आपली वाट लावली मगे!" म्हणाले, आणि पाणी मागितलं. पुढच्या सगळ्या गोळ्या त्यांनी बसच्या वेळांवर घेतल्या. बसची वेळ त्यांनी जन्मात चुकवली नव्हती.

आठवड्याने पापणीची सूज उतरली. तपासणीला म्हापशाला गेलो तर स्टँडवर त्यांचीच बस उभी. चांगला डोळा हाताने झाकून ते लांबूनच म्हणाले, "पेडणे!"

"ती पाटी तुमका पाठ आसा. चालाचा नाय," मी म्हटलं.

हात न काढता बाबा बघत राहिले आणि एकदम ओरडले, "माझ्या गाडयेक ओरखडो कोणी मारलो रे?"

मला काहीच दिसेना. धावत जवळ गेले. दाराखाली बोटभर बारीक, ताजा ओरखडा होता. मी भर स्टँडवर रडायला लागले, आणि बाबा शिव्या घालत बदली ड्रायव्हरला शोधायला निघाले.