कागदावरचा तेलाचा डाग

मेणबत्तीलाही जात असते, हे मला लग्न होऊन जव्हारला आल्यावर कळलं. दिव्याचा उजेड तेव्हा मेणबत्त्यांत मोजत; इंग्रजांची मेणबत्ती वेगळी, जर्मनांची वेगळी, आणि फ्रेंचांचं माप तर मेणबत्तीचं नव्हेच, तेलाच्या दिव्याचं. आमचे हे संस्थानच्या दिवाबत्तीकडे कारकून होते. जेवताना घास हातात तसाच धरून सांगायचे, "जर्मन दहा म्हणजे इंग्रजी नऊ. आणि फ्रेंच एक म्हणजे इंग्रजी साडेनऊच्या आसपास." मी म्हणायचे, "आधी भात गिळा, मग फ्रान्सला जा." सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या वर्षी दसऱ्यासाठी मुंबईहून नवे दिवे आले. त्यांच्यावर जर्मन माप होतं, राजवाड्यातल्या जुन्या दिव्यांवर इंग्रजी. सगळ्यांचा उजेड एकाच मापात सांगा, असा वरून हुकूम झाला. दिवे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या दहास नऊच्या हिशेबाने एका दुपारी काम संपलं असतं. पण यांचा स्वभाव ताडून बघण्याचा. झालं, आमच्या ओटीवर लांब फळी आली. फळीच्या एका टोकाला इंग्रजी मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला जर्मन दिवा, आणि मध्ये तेलाचा डाग पाडलेला कागद. कागद मागेपुढे सरकवायचा. दोन्हीकडचा उजेड सारखा पडला की डाग दिसेनासा होतो. मग दोन्ही अंतरं मोजून हिशेब करायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई राहतो, हे मला अजून पाठ आहे.

डाग बघायला बसवलं सासूबाईंना. यांना चष्मा होता, आणि आईच्या नजरेवर यांचा भारी विश्वास. तसा तो गावाचाही होता. सासूबाई जामसर गावच्या, नाचणीला नागली म्हणणाऱ्या मुलखातल्या. नागलीचा दाणा मोहरीएवढा, त्यातला खडाही त्याच रंगाचा. पण दिवेलागणीच्या अंधुक उजेडातही तो त्यांच्या बोटांतून सुटत नसे. आळीतल्या बायका बियाण्याची नागली त्यांच्याकडूनच निवडून न्यायच्या. त्या सुपापुढे बसल्या की त्यांच्या तोंडावर एक तोरा यायचा. मला तो फार आवडायचा.

हे कागद सरकवत आणि विचारत, "गेला का गं डाग?"

"गेला."

हिशेब केला तर दिवा सांगितल्याच्या निम्माच भरला. दुसऱ्या संध्याकाळी तोच दिवा दुप्पट झाला. यांनी घर डोक्यावर घेतलं. व्यापारी लबाड, जर्मन लबाड, फळी वाकडी, मेणबत्ती भेसळीची. दिवे परतच पाठवतो म्हणाले. सासूबाई उठून आत सुपापुढे जाऊन बसल्या.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. यांनी कागद जरासा हलवला असेल-नसेल, त्या म्हणाल्या, "गेला." कागदाच्या मधोमध रुपयाएवढा डाग मला लख्ख दिसत होता. त्यांना तो डाग पहिल्यापासून दिसलाच नव्हता. काखेत कळसा आणि आम्ही मुंबईपर्यंत वळसा घालत होतो.

चुलीपाशी मी त्यांचा हात धरला. त्या लगेच समजल्या.

"त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "हातातलं सूप काढून घेईल. मग मी काय करायचं गं? कोपऱ्यात बसून भाकरी खायची?"

"सांगणार," मी म्हणाले. "पण तुमच्या सुपाला कुणी हात लावणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

मी यांना सांगितलं. यांनी फळी पुन्हा मांडली. माझ्या डोळ्यांनी पुन्हा माप घेतलं. जर्मन दहा, इंग्रजी नऊ, अगदी चोख. एरवी असा मेळ बसला की हे ओटीवर नाचायचेच बाकी राहत. त्या दिवशी पेन्सिल खाली ठेवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि यांचा रागही आला. साऱ्या जगाचे दिवे मोजणाऱ्या माणसाला आईचे डोळे विझत चाललेले कळू नयेत?

सूप सासूबाईंकडेच राहिलं. त्या बोटांनी चाचपून निवडायच्या, आणि त्या देवळात गेल्या की मी तीच नागली पुन्हा निवडायचे. आळीतल्या बायकांनाही मी कळू दिलं नाही. घरातला सगळ्यात मोठा दिवा हे रोज त्यांच्यापुढे ठेवत. "बरा आहे उजेड," त्या म्हणायच्या, आणि कितीतरी दिवस तो खरंच थोडाफार बरा असावा.

पुढच्या वर्षी नवी नागली घरात आली, तेव्हाची गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती. मोठा दिवा त्यांच्यासमोर भकभकत होता, त्याची धग त्यांच्या गालावर येत असणार. त्यांनी सुपात हात घातला, थांबल्या, आणि हाक मारली, "अरे, आज दिवा नाही का लावला अजून?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. हे उठले, कोनाड्यातली काड्यापेटी घेतली, आणि जळत्या दिव्यापाशी बसून, त्यांना नीट ऐकू जाईल अशी, एक काडी ओढली.

"लावला, आई."

"हं," त्या म्हणाल्या. "आता दिसतंय." आणि सूप पुढे ओढून निवडायला लागल्या.